कंपनीचा फोन घेऊन दुबईला निघालीस? आधी आधारला कुठला नंबर आहे ते बघ

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. हळद-बेदाणा एक्स्पोर्ट करणाऱ्या एका फर्ममध्ये चार वर्षं कामाला आहे. फर्मने फोन आणि सिम दिलंय. माझा स्वतःचा फोन मागच्या वर्षी बिघडला, तेव्हापासून हा एकच फोन वापरते, बँक, आधार, गॅस, मुलाची शाळा सगळं ह्याच नंबरवर करून टाकलं. संध्याकाळी मुलगा (वय ६) गेम खेळतो, सासूबाई सिरियल बघतात. परवा मुलाने दुबईच्या पार्टीला चाळीस स्टिकर पाठवले, साहेब लई चिडले. रात्री साडेदहाला पण कामाचे कॉल येतात, मिस्टर वैतागतात. आता पुढच्या महिन्यात १४ तारखेला फर्मतर्फे दुबईला चार दिवस आणि तिथून हॅम्बुर्गला पाच दिवस जायचंय, माझी परदेशी जायची पहिलीच वेळ. साहेब म्हणतात बिल जास्त आलं तर पगारातून कापणार. रोमिंग घेऊ का तिकडचं सिम, दुसरा फोन घेऊ का, घरी बोलायचं कसं? मी तुमच्यापेक्षा लहान आहे, एकेरीच बोला.
– एक वाचक, विश्रामबाग

ताईंचं उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं बघ. बिलाची भीती तुला जास्त वाटतेय, पण मला टोचलं ते मधलंच वाक्य, "बँक, आधार, गॅस, मुलाची शाळा सगळं ह्याच नंबरवर". रोमिंगचं सांगतेच, त्यात अवघड काही नाही, पण आधी ह्या नंबरचं बोलू, कारण तो नंबर तुझा नाहीये गं. सिम फर्मच्या नावावर आहे, उद्या तू नोकरी सोडलीस, किंवा फर्मनं कनेक्शन बदललं, किंवा साहेबांना वाटलं की हा नंबर आता नव्या मुलाला देऊ, तर तुला कुणी विचारणार नाही, आणि त्यांचं त्यात काही चुकतंय असंही नाही.

हे मी भोगलेलं आहे म्हणून सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, आमच्या गावभागातल्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात. त्याच वर्षी दिवाळीनंतर मी एका कंपनीतली नोकरी सोडली, फोन आणि सिम टेबलावर ठेवून सही केली आणि घरी आले. घराच्या कामाला पैसे हवे होते म्हणून पीएफचा ऑनलाइन क्लेम टाकायला बसले तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर कुणाकडं, तर माझ्या जागी आलेल्या मुलाकडं. ऑफिसला फोन केला तर म्हणाले आता आमचा काही संबंध नाही. त्या मुलाला फोन केला तर तो बिचारा चेन्नईला दौऱ्यावर, म्हणाला मॅडम ओटीपी वाचून दाखवतो, आणि मी ऐकून घेणार होते! जे मी आख्ख्या जगाला करू नका म्हणून सांगते तेच करायला निघाले होते, इतका माणूस अडला की काहीही करतो. शेवटी आधार केंद्रात रांगेत उभी राहिले, नंबर बदलला, मग क्लेम. पण तेवढ्यात तीन आठवडे गेले आणि भिंतीला ओल तशीच.

म्हणून ह्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर एक सिम काढ. पहिलं काम आधार. आधारचा नंबर केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देऊन बदलता येतो, जुन्या नंबरवर ओटीपी यावा लागत नाही, तुझ्याकडं तर जुना नंबर अजून चालू आहे त्यामुळं घाई नाही असं वाटेल, पण घाई आहे, कारण आधार अपडेट व्हायला दिवस लागतात आणि बँकेत नंबर बदलला की सुरुवातीला काही बँका व्यवहारावर मर्यादा घालतात, यूपीआय नव्या सिमवर परत रजिस्टर करावं लागतं. हे सगळं तुला हॅम्बुर्गच्या हॉटेलात बसून निस्तरायचं नाहीये. आधार झालं की बँक, मग पीएफ, मग गॅस आणि शाळा. शाळेचं राहिलं तरी चालेल, बँकेचं राहून चालणार नाही.

आणि एक बघ, नंबर बंद झाला म्हणजे संपला असं नसतं, बंद झालेला नंबर साधारण ९० दिवसांनी कंपन्या दुसऱ्याला देऊ शकतात. म्हणजे उद्या फर्मनं तो नंबर सोडून दिला तर तुझ्या बँकेचे मेसेज कुणाच्या खिशात वाजतील ते देवालाच माहीत.

आता फोनचं. माझं स्पष्ट मत, दुसरा फोन घे. महाग नको, साधा स्मार्टफोन, त्यात तुझं सिम, तुझी बँक, तुझं व्हॉट्सअॅप. मुलगा आणि सासूबाई जे बघायचं ते ह्यावर बघू देत, त्यात बँकेच्या अॅपला वेगळं लॉक लाव म्हणजे झालं. फर्मचा फोन घरी आला की चपलेच्या रॅकवर किल्ल्या ठेवतो तसा एका जागी ठेवायचा आणि तो मुलाच्या हातात जाणार नाही हा घरात नियम, त्यात रागवायचं काही नाही, मुलाला सांगायचं हा आईच्या ऑफिसचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला ऑफिसचं कळतं, फक्त आपण एकदा द्यायचा आणि एकदा नाही असं केलं की त्याला कळत नाही. स्टिकरचं पार्टीला एक ओळ लिहून मोकळी हो, "मुलाकडून चुकून गेलं, माफ करा", दुबईतल्या माणसांच्या घरात पण मुलं असतात. कधी अगदीच द्यावा लागला, एसटीत वगैरे, तर अँड्रॉइडमध्ये अॅप पिन करायची सोय असते, एकच अॅप उघडं राहतं, बाहेर पडायला तुझा पिन लागतो.

फर्मच्या फोनवर आत्ता एक गोष्ट तपास, गुगल फोटोज उघड आणि वरच्या कोपऱ्यात कुठला जीमेल आहे बघ. माझी खात्री आहे की फर्मच्या जीमेलवर तुझ्या मुलाच्या वाढदिवसाचे फोटो बॅकअप होतायत आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुणालाही दिसतायत. ते फोटो तुझ्या स्वतःच्या अकाउंटवर उतरवून घे, मग तिथून काढ. आणि तुझा पर्सनल जीमेल ह्या फोनवर टाकला असशील तर परत देताना आधी सेटिंगमधून अकाउंट रिमूव्ह करायचं आणि मगच रिसेट, नाहीतर तो फोन चालू झाल्यावर तुझाच पासवर्ड मागत बसतो आणि फर्मचा माणूस तुला रात्री फोन करतो. मोठ्या कंपन्यांत फोन कंपनीच्या सिस्टिमला जोडलेला असतो, कामाच्या अॅपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं, तेवढा भाग ते लांबून पुसू शकतात, आणि पूर्ण फोनच त्यांनी मॅनेज केला असेल तर पूर्ण पुसू शकतात. आपल्याकडच्या फर्ममध्ये बहुतेक असलं काही नसतं, दुकानातून फोन आणला, सिम घातलं, दिला. पण एकदा विचारून घे.

रात्री साडेदहाचं. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणजे आपले साडेदहा तेव्हा तिथं नऊ, पार्टी जागी असते, तिला वाटतं लवकरच आहे. ही साहेबांची वाईट बुद्धी नाही, घड्याळाचा प्रश्न आहे, आणि तो घड्याळानंच सुटतो. साहेबांशी बसून ठरव की रात्री नऊनंतर फक्त माल अडकलाय, कंटेनर अडकलाय असल्या गोष्टीलाच कॉल, बाकी मेसेज, सकाळी नऊला उत्तर. मग डू नॉट डिस्टर्बमध्ये साहेबांचा एकच नंबर चालू ठेव. कायद्याचा आधार मागशील तर आपल्याकडं अजून नाही, सुप्रिया सुळेंनी राइट टू डिस्कनेक्टचं, म्हणजे कामाच्या वेळेनंतर ऑफिसचा फोन न उचलण्याच्या हक्काचं, खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं पण त्याचा कायदा झाला नाही, फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. तू कायद्याचं नाव काढू नको, वेळ ठरवून घे. मिस्टरांना पण हे ठरलेलं सांग, म्हणजे फोन वाजला की काहीतरी खरंच अडलंय हे त्यांनाही कळेल.

आता प्रवास. फर्मचं सिम पोस्टपेड कॉर्पोरेट असणार, त्यावर रोमिंग तू स्वतः चालू करू शकशील असं नाही, फर्मतर्फे जो अधिकृत माणूस ऑपरेटरशी बोलतो त्यालाच सांगावं लागतं, म्हणून शेवटच्या दिवशी मुंबई एअरपोर्टवरून फोन करून काही होत नाही. साहेबांना आजच एक मेल टाक, मेलच टाक, तोंडी नको. दोन देश, नऊ दिवस, अमुक पॅक, तो दोन्ही देशांत चालतो का, खर्च फर्मचा, ह्याला होकार द्या. बिल पगारातून कापायची भाषा तिथंच थांबते, कारण पॅक त्यांनी मंजूर केलेला असतो.

बिल फुगतं कशानं ते समजून घे म्हणजे भीती जाते. पॅक नसताना डेटा रोमिंग चालू राहिलं की एमबीच्या हिशोबानं पैसे लागतात, आणि तू फोन हातातही घेतलेला नसतो, मागं फोटो बॅकअप चाललेला असतो, अॅप अपडेट होत असतात, फॅमिली ग्रुपवर कुणीतरी सकाळी सकाळी गणपतीचा व्हिडिओ टाकलेला असतो तो आपोआप डाउनलोड होतो. म्हणून निघायच्या आधी व्हॉट्सअॅपचं ऑटो डाउनलोड बंद, फोटो बॅकअप फक्त वायफायवर, प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर. आणि विमानात बसलीस की फ्लाइट मोड, ह्यात हयगय नको. काही विमानांत आता मोबाइलचं नेटवर्क असतं, फोन आपोआप ते पकडतो, आणि देशाच्या पॅकमध्ये विमानातलं नेटवर्क सहसा धरत नाहीत, त्याचा वेगळा पॅक असतो. झोपेत असताना बिल लागलेली माणसं मी बघितलीत.

दुसरा रस्ता म्हणजे प्रवासापुरतं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम, आणि तुला मी हाच सुचवीन, फक्त फर्मचा फोन ई-सिम घेतो का ते आधी बघ, बरेच स्वस्त फोन घेत नाहीत. ई-सिम घरीच वायफायवर टाकून ठेवायचं, दुबईला उतरल्यावर चालू करायचं, डेटा त्याच्यावर लावायचा आणि फर्मच्या सिमचं डेटा रोमिंग बंद. फर्मचं सिम फोनमध्येच राहू दे, काढू नको, पार्टीचे फोन आणि मेसेज त्यावर येणार. दुबईचं ई-सिम जर्मनीत चालेलच असं नाही, युरोपचं वेगळं घे, पण युरोपचं घेतलंस की जर्मनीतून कुणी तुला शेजारी नेदरलँड्सला गोदाम बघायला नेलं तरी तेच चालतं.

तुझं स्वतःचं सिम, म्हणजे बँकेचं, ते तुझ्या साध्या फोनमध्ये बरोबर ने. त्याच्यावर निघायच्या आधी इथूनच रोमिंग चालू करून घे, डेटा बंद ठेव, ते फक्त ओटीपीपुरतं. इनकमिंग एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत, पण पॅक न घेता एसएमएस येतील का आणि व्हॅलिडिटी नऊ दिवसांत संपत नाही ना, एवढं दुकानात विचारून घे. इनकमिंग कॉलला मात्र पॅक नसेल तर पैसे लागतात, अनोळखी नंबर उचलू नको. नऊ दिवस सासूबाई मिस्टरांच्या फोनवर सिरियल बघतील. दोन फोन दोन वेगळ्या बॅगांत ठेव.

कार्डाचं विसरू नको गं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशात चालू असतं, परदेशातला वापर आपणच अॅपमधून चालू करायचा असतो, मर्यादा पण लावता येते. दुबईत काही ठिकाणी यूपीआय घेतात पण त्याच्या भरवशावर राहू नको, थोडे दिरहम आणि युरो जवळ असू देत.

घरी बोलायचं विचारलंस. दुबईत व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, व्हॉइस नोट जाते, फोटो जातो, पण व्हॉट्सअॅपचा व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल साधारण तिथं लागत नाही. तिथं परवानगी असलेले अॅप वेगळे आहेत, बोटिम लोक सर्रास वापरतात, ऑफिसच्या मीटिंगला टीम्स आणि झूम चालतात. निघायच्या आधीच मिस्टरांच्या फोनमध्ये बोटिम टाकून एकदा बोलून बघा, मुलालाही दाखव, म्हणजे पहिल्या रात्री रडारड नको. कुणीतरी तुला सांगेल व्हीपीएन टाक (आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणारं अॅप), सगळे टाकतात. टाकू नको. फर्मच्या कामाला फर्मचा व्हीपीएन असणं वेगळं, पण बंद केलेली सेवा चोरून वापरायला व्हीपीएन लावणं तिथं गुन्हा धरतात, आणि दंड ५ लाख ते २० लाख दिरहम असा आहे. एका व्हिडिओ कॉलसाठी हा धोका घेऊ नये. हॅम्बुर्गला गेलीस की व्हॉट्सअॅप कॉल नेहमीसारखा लागतो, फक्त वेळ बघ, उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते, कॉल रेकॉर्डिंग. आपल्या मार्केट यार्डात निम्म्या लोकांच्या फोनमध्ये ऑटो कॉल रेकॉर्डिंग चालू असतं, दराचं बोलणं पुढं कुणी नाकारलं तर पुरावा म्हणून, मला ते समजतं. पण दुबईत समोरच्याला न विचारता बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे आणि जर्मनीत पण, तिथल्या दंडसंहितेचं कलम २०१ त्याच्यासाठीच आहे. निघायच्या आधी ते सेटिंग बंद कर. भाव ठरला की लगेच मेलवर लिहून पाठव, "आज बोलल्याप्रमाणे", तोच तुझा पुरावा. तसंच दुबईत लोकांचे फोटो न विचारता काढू नको, देऱ्याच्या मसाला बाजारात हळदीच्या पोत्यांचा फोटो काढायला हात शिवशिवेल, पोत्यांचा काढ, मागं उभ्या बाईचा नको.

पूर्वी आपल्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचे, तिसऱ्याला दिसू नये म्हणून. तू टेबलावर फोन उताणा ठेवतेस आणि साहेबांचा मेसेज लॉक स्क्रीनवर झळकतो, "इतक्यापर्यंत खाली ये". पार्टी समोर बसलेली. नोटिफिकेशनमधला मजकूर लॉक स्क्रीनवर दिसणं बंद कर, हे आज रात्रीच कर, दुबईची वाट बघू नको.

हॉटेलचं वायफाय वापरायला हरकत नाही, नाव रिसेप्शनवर विचारून मगच जोड, आणि जोडल्यावर काही अपडेट डाउनलोड करा किंवा ईमेलचा पासवर्ड टाका असं आलं तर बंद कर. बँकेचं काम मोबाइल डेटावरच. लॅब रिपोर्ट, हळदीच्या जीआयचे (भौगोलिक मानांकनाचे) कागद, रेट लिस्ट, व्हिसा, हॉटेलचा पत्ता हे सगळं फोनमध्ये ऑफलाइन सेव्ह कर, गोदामात नेट नसतं. पासपोर्टची मात्र कागदी झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, डिजिलॉकर परदेशात दाखवून उपयोग नाही.

फोन हरवला तर. दोन्ही फोनचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, *#०६# दाबून आत्ताच कागदावर लिही. सिमला पिन लाव, म्हणजे चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ओटीपी वाचता येत नाही, पण ऑपरेटरचा मूळ पिन काय आहे ते आधी विचार, तीनदा चुकला तर सिम लॉक होतं आणि ते उघडायला ऑपरेटरकडचा पीयूके नंबर लागतो. हरवला की पहिला फोन साहेबांना, लपवायचं नाही, पाच मिनिटांत सिम बंद झालं तर नुकसान फक्त फोनचं. मग तिथल्या पोलिसांत तक्रार, दुबईत ९९९, जर्मनीत ११०. इथं संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करता येतो, ते मिस्टर किंवा फर्म करेल.

चार्जरचं थोडक्यात. दुबईत तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, अडॅप्टर इथूनच ने, एअरपोर्टवर महाग पडतो. जर्मनीत आपला दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर बसतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही, २०,००० एमएएचची असेल तर साधारण ७४ वॉट-अवर होते, १०० च्या आत आहे म्हणून नेता येते, पण एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायला बंदी केलीय, तेव्हा मुंबईत बसायच्या आधी फोन पूर्ण चार्ज करून घे. सांगलीहून मुंबई गाडीनं रात्रभराचा प्रवास, गाडीत चार्जिंगची वायर असू दे, पेठ नाका ओलांडला की मग आठवतं वायर घरी राहिली.

नवीन सिम चालू झालं की लगेच आधार केंद्रात जा. जाताना आधार कार्ड आणि नवीन सिम चालू केलेला फोन दोन्ही घेऊन जा, आणि पावती मिळेल ती जपून ठेव, त्यावरच्या नंबरनं अपडेट झालं का ते बघता येतं. ते झालं की मग बँकेत.